रोजच्या भाकरीतला आनंद

पॅरिसमधल्या कार्मेल संघाच्या मठात १६४० साली निकोला एर्मां नावाचा एक लंगडा गृहस्थ दाखल झाला. जन्म लॉरेन प्रांतातल्या एका खेड्यात, गरीब घरात. ऐन तारुण्यात तो तीस वर्षांच्या युद्धात सैनिक म्हणून लढला आणि तिथल्या जखमेने त्याचा पाय जन्माचा अधू झाला. पुढे एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी तो चाकरीला राहिला. पण आपण फार धांदरट होतो, हातून सारखी मोडतोड व्हायची, असे तो स्वतःच सांगे. मठात त्याला ‘ब्रदर लॉरेन्स’ हे नाव मिळाले आणि काम मिळाले स्वयंपाकघरातले. या कामाची त्याला मनापासून नावड होती. तरीही सुमारे पंधरा वर्षे तो तिथेच राबला. नंतर मठातल्या बंधूंच्या चपला दुरुस्त करण्याचे काम त्याच्याकडे आले. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी तो वारला.

तो धर्मपंडित नव्हता, धर्मगुरूही नव्हता. एखाद्या गावच्या इतिहासातही ज्याची नोंद राहू नये असे हे आयुष्य. पण जोसेफ द बोफोर नावाच्या धर्मगुरूने १६६६ पासून त्याच्याशी झालेली काही संभाषणे टिपून ठेवली आणि त्याच्या मृत्यूनंतर ती त्याच्या पत्रांसह प्रसिद्ध केली. ते चिमुकले पुस्तक आजही कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही घरांत वाचले जाते. त्यातला विचार थोडक्यात सांगता येतो. भांड्यांच्या खडखडाटात, एकाच वेळी चारजण चार वस्तू मागत असताना लॉरेन्सला देव जितका जवळ वाटे, तितकाच तो वेदीपुढे गुडघे टेकल्यावर वाटे. तव्यावरचे ऑम्लेट तो देवाच्या प्रेमाखातर उलटायचा. जमिनीवरची काडी उचलायची, तीही त्याच्याचसाठी. यातून मिळणारा आनंद कधीकधी इतका अनावर होई, की तो चारचौघांत दिसू नये म्हणून आवरावा लागे, असे त्याने पत्रात लिहिले आहे.

साध्या गोष्टींत आनंद मानावा, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. तो कसा मानायचा, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाचा फार जवळून विचार केला आहे. तिचे म्हणणे असे : समोरची वस्तू आपल्याला कुणीतरी प्रेमाने दिलेली आहे, हे ओळखता आले की आनंद तिच्या मागोमाग येतो, आणि ही ओळख रोजच्या सरावाने पक्की होते. लॉरेन्सलाही ती एका दिवसात झाली नाही. मठातली सुरुवातीची दहाएक वर्षे आपल्याला फार जड गेली, हे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे.

नासरेथचे सुतारघर

या दृष्टीचे मूळ येशूच्या आयुष्यातच आहे. सुमारे तीस वर्षे तो गालीलातल्या नासरेथ नावाच्या लहानशा गावात, सुताराच्या घरात राहिला. त्याच्या सार्वजनिक कार्याचा काळ साधारण तीन वर्षांचा. ज्याला ख्रिस्ती लोक देवाचा पुत्र मानतात, त्याने आयुष्याचा बहुतेक काळ घरकाम, हातकाम आणि शेजारपाजार यांत घालवला, ही गोष्ट सहज ओलांडून जाण्यासारखी नाही. माणसाच्या साध्या दिवसाला यापेक्षा मोठा मान कोणता मिळू शकेल?

त्याच्या बोलण्यातही घर आणि शिवारच भरलेले असे. स्वर्गाचे राज्य समजावताना त्याने मोहरीचा दाणा आणि पिठात मिसळलेले खमीर यांचे दाखले दिले. लूकच्या शुभवर्तमानात दहा नाण्यांपैकी एक हरवलेल्या बाईची गोष्ट आहे. ती दिवा लावते, घर झाडून काढते, नाणे सापडले की शेजारणींना बोलावून आनंद करते. स्वर्गातला आनंद असा असतो, असे येशू सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे त्याचा पहिला चमत्कार काना गावच्या लग्नघरात झाला. पाहुण्यांना द्राक्षारस कमी पडला होता, एवढेच निमित्त. पुनरुत्थानानंतर तो गालीलच्या सरोवराकाठी दिसतो, तेव्हा कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर तयार ठेवून रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावत असतो.

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने पाखरे आणि रानफुले यांच्याकडे बोट दाखवले. ऐकणाऱ्यांत हातावर पोट असलेले पुष्कळजण असतील. उद्या काय खायचे, हा प्रश्न त्यांच्यासाठी खराच होता. त्यांना त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत आजच्या भाकरीचे मागणे आहे, वर्षभराच्या कोठाराचे नाही. यामागे एक जुनी आठवण आहे. मिसर देशातून सुटलेले इस्राएल लोक रानात भटकत असताना त्यांना रोज सकाळी मान्ना मिळे. ज्याने त्याने त्या दिवसापुरताच गोळा करायचा. साठवला तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. एकेका दिवसाचे दान एकेका दिवशी घ्यायला शिकवणारी ही शाळाच होती, आणि साध्या गोष्टींतल्या आनंदाचा पहिला धडा तिथे सापडतो. हाव सुटली की हातातली भाकर दिसेनाशी होते.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले ते कैदेतून. जेमतेम चार अध्यायांचे हे पत्र, पण त्यात आनंदाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. भरल्या ताटावर आणि उपाशीपोटी, दोन्ही प्रसंगी तृप्त राहायला आपण शिकलो, असे तो तिथे सांगतो. इतक्या मोठ्या प्रेषितालाही ही तृप्ती शिकावी लागली, यात आपल्यासाठी केवढा दिलासा आहे!

दुखणाइताने रचलेले गाणे

असिसीचा फ्रान्सिस हा श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा मुलगा. वडिलांची संपत्ती सोडून त्याने दारिद्र्य पत्करले. पाखरांना उपदेश करणारा हसतमुख साधू म्हणून तो सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याचे ‘सूर्याचे स्तोत्र’ कोणत्या अवस्थेत रचले गेले, हे माहीत झाले की त्या हसण्याचे मोल कळते.

साधारण १२२५ मध्ये तो असिसीजवळच्या सान दामियानो इथे आजारी पडून होता. डोळ्यांच्या विकाराने दृष्टी जवळजवळ गेली होती, उजेड सहन होत नव्हता आणि झोपडीतल्या उंदरांमुळे रात्री झोप नव्हती. अशा दिवसांत त्याने सूर्याला भाऊ म्हटले, चंद्राला बहीण म्हटले. वारा, पाणी, अग्नी आणि धरणीमाता यांच्यासाठी देवाची स्तुती केली. ज्या सूर्याकडे त्याला बघवत नव्हते, त्याच्याबद्दलही तो कृतज्ञ होता. हे स्तोत्र त्याने लॅटिनमध्ये न रचता आपल्या भागातल्या लोकांच्या बोलीत रचले. इटालियन साहित्यातल्या सर्वांत जुन्या रचनांमध्ये त्याची गणना होते. पुढे असिसीचा बिशप आणि नगरप्रमुख यांच्यात भांडण पेटले, तेव्हा फ्रान्सिसने त्यात क्षमेचे कडवे घातले आणि आपल्या बंधूंकडून ते दोघांसमोर गाऊन घेतले. मरण जवळ आल्यावर मृत्यूलाही बहीण म्हणणारे कडवे जोडले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्याने देह ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावर जे परिपत्रक काढले, त्याचे नाव याच स्तोत्रातून घेतले आहे.

नाताळचा गोठा घरोघरी पोहोचला, त्यामागेही फ्रान्सिसच आहे. १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी त्याने गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणून येशूजन्माचा देखावा उभा केला. देव कशा परिस्थितीत जन्मला, हे गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसावे, ही त्याची इच्छा होती. वसई, मुंबई आणि गोव्यातली मुले आज डिसेंबरात गवत, माती, कागद गोळा करून गोठा बांधतात, ती याच रात्रीची परंपरा. त्या गोठ्यात मौल्यवान असे काहीच नसते, आणि तरी नाताळचा सगळा आनंद त्याच्याभोवती गोळा होतो.

तेरेसाची लहान वाट

फ्रान्समधल्या लिझ्यू इथली तेरेसा पंधराव्या वर्षी मठात गेली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी, चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. मठाबाहेर तिला कुणी ओळखत नव्हते. तिने लिहून ठेवलेल्या आठवणी पुढच्याच वर्षी छापल्या गेल्या आणि जगभर पसरल्या. १९२५ मध्ये तिला संतपद मिळाले. १९९७ मध्ये तर चर्चची आचार्या हा मान मिळाला, जो मोठमोठ्या धर्मपंडितांना मिळतो.

आपल्याला मोठी तपे झेपणार नाहीत, तेव्हा लहान कामे मोठ्या प्रेमाने करावीत, ही तिची ‘लहान वाट’. तिची उदाहरणे अगदी रोजची आहेत. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी सतत कसला तरी बारीक आवाज करी आणि तेरेसाचे चित्त विचलित होई. तिने तो आवाज संगीत समजून ऐकायचा आणि देवाला अर्पण करायचा ठरवले. कपडे धुताना समोरच्या भगिनीकडून मळके पाणी तोंडावर उडे, तेही तिने मागे न सरता सोसले. एका चिडखोर वृद्ध भगिनीला रोज संध्याकाळी हात धरून जेवणघरात नेण्याचे काम तिने आपण होऊन मागून घेतले. वृद्धेला भाकरीचा तुकडा मोडता येत नाही हे पाहून तो मोडून देणे आणि निघताना हसणे, एवढे ती न चुकता करी.

शेवटचे दीड वर्ष तेरेसाच्या मनात श्रद्धेचा अंधार दाटला होता. स्वर्ग आहे की नाही अशी शंका तिला छळत होती. तरी ही लहान कामे थांबली नाहीत. आनंद म्हणजे मनाची उल्हसित अवस्था, असे आपण धरून चालतो. तेरेसाचे आयुष्य सांगते की मन उजाड असतानाही प्रेमाची कृती करता येते, आणि आनंदाची मुळे त्या कृतीत जिवंत राहतात.

ताटावर बसण्यापूर्वी

कोणतीही सुखाची गोष्ट सवयीची झाली की मन तिची दखल घेईनासे होते. नवे घर, नवी नोकरी, नवा मोबाइल, सगळ्यांचे तेच होते. नळाचे पाणी आणि गरम भाकर यांचे तर कधीच झालेले असते. ख्रिस्ती जीवनातले नेम या सवयीला रोज थोडा छेद देतात.

सर्वांत साधा नेम जेवणापूर्वीच्या प्रार्थनेचा. हात ताटाकडे जाण्याआधी अर्धा मिनिट थांबायचे, अन्न देणाऱ्या देवाचे आणि ते पिकवणाऱ्या, रांधणाऱ्या हातांचे आभार मानायचे. थांबल्यामुळे ताट दिसते. दुसरा नेम दिवसाच्या झडतीचा. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या या आत्मपरीक्षणाची सुरुवात चुकांपासून होत नाही. आधी मिळालेल्या देणग्या आठवून आभार मानायचे, मग आपले वागणे तपासायचे. तिसरा नेम विसाव्याच्या दिवसाचा. मोशेच्या नियमशास्त्रात हा दिवस घरधन्याबरोबर चाकरांना, परक्यांना आणि बैलांनाही दिलेला आहे. माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरत नाही, हे आठवड्यातून एकदा सगळ्या घराने अनुभवायचे.

वर्षाकाठी हेच आभार सणाचे रूप घेतात. मुंबईतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘आगेरा’ साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. गोव्यातल्या अनेक गावांत ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते. खेडोपाडीच्या मराठी चर्चमध्ये सुगीच्या उपासनेला लोक धान्य, भाजी, अंडी, कोंबडी घेऊन येतात. मूठभर लोंब्यांना देवळात मान मिळतो, तेव्हा रोजच्या भाताची किंमत मुलांना न सांगता कळते.

आभार मानण्याच्या सवयीचा परिणाम मानसशास्त्रानेही तपासला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे दर आठवड्याला, कृतज्ञता वाटलेल्या पाच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. त्रासदायक गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा या विद्यार्थ्यांना स्वतःच्या आयुष्याबद्दल अधिक बरे वाटू लागले. श्रद्धावान माणसाच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिळते : आभार ऐकणारा कुणीतरी असतो. त्यामुळे कृतज्ञता एकट्याची नोंदवही न राहता एक नाते होते.

नगरच्या टिळकांचे घर

मराठीत हे नाते जगून दाखवलेले एक घर आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना मराठी वाचक फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतात. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रानात कुणाच्या नजरेस न पडता उमलणाऱ्या फुलाकडे बघण्याची त्यांची रीत आणि त्या प्रवचनातली रानफुले यांचे गोत्र एक आहे. त्यांनी रचलेली भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र बाप्तिस्म्याचा हा निर्णय फार महागात पडला. काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहावे लागले. नंतर त्या त्यांच्याकडे परतल्या. सुरुवातीला त्यांनी सोवळेओवळे कडक पाळले. पुढे विचार करता करता त्यांना पटले, की जाती माणसांनी केल्या आहेत, देवाने केलेल्या नाहीत. आणि त्यांनी कुणाच्याही हातचे पाणी आणि अन्न घ्यायला सुरुवात केली. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. पाण्याचा पेला ही किती साधी वस्तू! पण ती कुणाच्या हातून घेता येते, यावर माणसाच्या आनंदाची रुंदी ठरते.

या घरात पैसा टिकत नसे, पण येणाऱ्याला जागा असे. तरुण बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याकडे राहिले, त्यांना लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली. लक्ष्मीबाईंच्या आठवणींचे पुस्तक ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी आपल्या संसारातली ओढाताण, गमती आणि दुःखे अशा निर्मळ मनाने सांगितली आहेत, की वाचताना कडवटपणा कुठे सापडत नाही. माझ्या मते साध्या गोष्टींतल्या ख्रिस्ती आनंदाचे मराठीतले सर्वांत मोठे पुस्तक हेच आहे.

उपाशी माणसाला काय सांगायचे?

इथे एक गंभीर आक्षेप येतो. साधेपणाचे गोडवे गाऊन गरिबांना गप्प बसवता येते आणि तसे पुष्कळदा झालेही आहे. फ्रान्सिसने दारिद्र्य स्वतः निवडले होते. ज्याच्यावर ते लादले गेले, त्याला समाधानाचा उपदेश करण्याचा हक्क कुणालाही नाही. बायबल याबाबत स्पष्ट आहे. उघड्या, उपाशी भावाला काहीही न देता नुसते ‘सुखाने जा’ म्हणणाऱ्याची श्रद्धा निर्जीव आहे, असे याकोबाचे पत्र बजावते. आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी तर गरिबांना नाडणाऱ्यांच्या सणसमारंभांचाच धिक्कार केला.

पंडिता रमाबाईंनी या आक्षेपाचे उत्तर कामातून दिले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली आणि विधवांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या त्यांच्या ‘मुक्ती’ संस्थेत त्या स्त्रिया शेती, विणकाम, छपाई शिकल्या आणि स्वतःच्या कष्टाची भाकर खाऊ लागल्या. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, तेही जेमतेम शिकलेल्या बाईला वाचता यावे म्हणून. जो आनंद दुसऱ्याच्या रिकाम्या ताटाकडे पाहत नाही, त्याला ख्रिस्ती आनंद म्हणता येणार नाही. दान म्हणून मिळालेली वस्तू पुढे देता येते. किंबहुना ती पुढे दिली, तरच ती दान होती हे सिद्ध होते.

लॉरेन्सचे स्वयंपाकघर, तेरेसाचे धुणे आणि लक्ष्मीबाईंचा संसार या जागा आपल्यापैकी कुणालाही परक्या नाहीत. त्यांनी जे केले त्याला पैसा, विद्वत्ता किंवा रिकामा वेळ लागत नाही. तेव्हा वाचकहो, आपण ख्रिस्ती असा वा नसा, आज रात्री जेवायला बसाल तेव्हा क्षणभर थांबा. ताटातले अन्न कुणाकुणाच्या हातांतून आले ते आठवा, मनापासून आभार माना, आणि त्यातला घास ज्याच्यापर्यंत पोहोचला नाही अशा एखाद्या माणसासाठी उद्या काय करता येईल, ते ठरवूनच उठा.